घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार : लाकूड, मापं आणि मेहनत नेमकी कुठे घालायची

रंधा_पटाशी :

नमस्कार मंडळी. सुतारकामाच्या विभागात टेबलं, शेल्फं, चौरंग यांचे धागे भरपूर आहेत, वाद्याचा एकही दिसला नाही. म्हणून हा काढतोय. मी पेशाने सुतार नाही, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. नुकतीच फेंडर कंपनीच्या टेलिकास्टरच्या घाटाची एक इलेक्ट्रिक गिटार पूर्ण झाली. बॉडी शिवणीची, नेक (तारांखालची लांब दांडी) जुन्या सागवानाचा, त्यावर चिकटवलेली बोटांची पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, शिसवीचा. ज्याला रंधा सरळ मारता येतो आणि पटाशीला धार लावता येते त्याला हे काम जमतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी इलेक्ट्रिकच का, ते सांगतो. अकूस्टिक गिटारच्या बाजू जेमतेम दोन मिमी जाडीच्या पट्ट्या तापवून वाकवाव्या लागतात, वरची फळी तोलून-मापून पातळ करावी लागते, आतून पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. आवाज त्या फळीतूनच निघतो, त्यामुळे तिथे हात पक्का लागतो. इलेक्ट्रिकची बॉडी म्हणजे ४५ मिमी जाडीचा भरीव ठोकळा. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने सपाट फळी कापली, नेक चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवला आणि १९५० साली ब्रॉडकास्टर नावाने ती बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिचं नाव टेलिकास्टर झालं. कारखान्यात पटापट तयार व्हावी म्हणून केलेली ही रचना हौशी माणसाला फार सोयीची आहे. नेक बिघडला तर फक्त नेक पुन्हा करायचा, बाकी गिटार शाबूत.

आणि घरी केलेली गिटार म्हणजे दुय्यम, असं कुणाला वाटत असेल तर क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे आठवा. १९६३ साली, शाळेत असताना, या मुलाने वडिलांबरोबर गिटार करायला घेतली. जवळजवळ दोन वर्षं लागली. नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा; लाकडाला किडीने पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्या घालून बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. ट्रेमोलोच्या (तारांचा सूर वर-खाली हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा जुन्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. हीच ‘रेड स्पेशल’ तो क्वीनमध्ये आयुष्यभर वाजवत आला. (त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.)

आता लाकूड. वाद्याच्या दुकानांत आल्डर, अ‍ॅश, मेपल, महोगनी ही नावं ऐकून लोक बिचकतात. आपल्या वखारीत जे मिळतं त्यात उत्तम काम होतं. बॉडीसाठी मी तीनच गोष्टी पाहतो : लाकूड पुरतं वाळलेलं आहे का, वजन खांद्याला झेपेल का, आणि स्क्रू घट्ट धरतं का. सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो, शिवणीची पाचशेच्या आत-बाहेर. टेलिकास्टरच्या बॉडीला जवळपास चार लिटर लाकूड लागतं. म्हणजे शिवणीची बॉडी दोन किलोच्या आसपास आणि सागाची अडीचच्या पुढे. उभं राहून दोन तास वाजवणाऱ्याला हा अर्धा किलो चांगलाच जाणवतो.

नेकसाठी मात्र तडजोड नको. सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ४६ किलोचा ताण येतो आणि तो सगळा त्या एकवीस-बावीस मिमी जाडीच्या दांडीवर. मी जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान घेतलं. अनेक दशकं वाळलेलं, रेषा सरळ, गाठ नाही. जुनं लाकूड घेताना आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असला की रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. सागात सिलिका असते, त्यामुळे पात्याची धार एरवीही लवकर जाते. शिवाय साग तेलकट. फ्रेटबोर्ड चिकटवण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून लगेच गोंद लावायचा. तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी चिकटवलं तर सांधा कच्चा राहतो.

आता खरं सांगायचं ते. गिटार चांगली वाजते की नाही, ते तीन ठिकाणी ठरतं : मध्यरेषा, नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अंतर, आणि फ्रेट्सची (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पातळी. बाकी आकार, रंग, पॉलिश हवं तसं करा.

मध्यरेषा : बॉडीच्या ठोकळ्यावर पहिली रेघ ही. पेन्सिलीने नको, पोलादी पट्टी लावून चाकूने आखा. पेन्सिलीच्या रेघेची जाडी अर्धा मिमी भरते आणि नेकच्या खाचेत अर्धा मिमी तिरकेपणा आला की ब्रिजपाशी तार पिकअपच्या (तारेची हालचाल टिपणारा चुंबकाचा भाग) खांबांवरून सरकलेली दिसते. नेक खाचेत बसवल्यावर, ब्रिजची भोकं पाडायच्या आधी, नटच्या दोन कडेच्या खाचांमधून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणून बघा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोऱ्यांचं अंतर सारखं दिसलं की मगच ड्रिल हातात घ्या.

फ्रेट्सची अंतरं : फेंडरची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी धरू. सप्तकात बारा सारखे टप्पे, म्हणून प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची. पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर, बारावा बरोबर मध्यात ३२४ वर, बाविसावा ४६६.१६ वर. एक नियम पाळा : प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं की प्रत्येक वेळची पाव मिमीची चूक साठत जाते आणि बाराव्यापर्यंत गिटार बेसूर.

खाच कापायला ०.६ मिमीच्या आसपास कापणारी बारीक करवत लागते. मी गुण्या धरून चाकूने रेघ मारतो, मग त्या रेघेच्या एका अंगाने पटाशीने केसाएवढा उतार काढतो. करवत त्या उतारात आपोआप बसते, घसरत नाही. शिसवीचा भुसा जांभळट-काळा पडतो आणि त्याला गोडसर वास येतो. छान वाटतो, पण मास्क न लावता घेऊ नका. शिसवी आणि साग, दोन्हींच्या धुळीने काही जणांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो.

नेकच्या पोटात ट्रस रॉडची (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळी) खाच ६ मिमी रुंद, साधारण साडेनऊ खोल. नेक मागून गोल करताना त्या खाचेखाली किमान चार-पाच मिमी लाकूड राहिलं पाहिजे. बॉडीतली नेकची खाच १६ मिमी खोल. राऊटर (लाकडात खाच कोरणारं विजेचं हत्यार) असेल तर एमडीएफचा साचा करून तीन-तीन मिमीने उतरा. नसेल तर ड्रिलने पोखरून पटाशीने तळ साफ करा. वेळ लागतो, पण बसते तितकीच घट्ट.

वायरिंगबद्दल मुद्दाम लिहीत नाहीये, त्यातले जाणकार इथे आहेत. प्रश्न येऊ द्या.

---

कृष्णाकाठ :

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरा तुनाच्या लाकडाचा करतात. तून आणि महोगनी एकाच कुळातली झाडं. म्हणजे ज्या गुणांसाठी परदेशात महोगनी घेतात (हलकं, सरळ रेषेचं, वाळल्यावर फारसं न वळणारं), तेच गुण आमच्या कारागिरांनी तुनात पारखले. रंगही तसाच लालसर. तुम्हाला बॉडीसाठी तून मिळाला तर नक्की करून पाहा.

एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलोय. सतारमेकर गल्लीत लाकूड आणि भोपळे आणून लगेच कामाला घेत नाहीत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते टांगून वाळवतात. लाकूडही रचून ठेवतात, त्याला ऊन-पाऊस न लागता वारा खाऊ देतात. घाई करणाऱ्याचं वाद्य पुढे तडकतं, हे तिथे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. दीडशे वर्षांहून जुनी विद्या आहे ती.

---

सहावी_तार :

लेख चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझा स्पष्ट विरोध. “वजन झेपेल ते लाकूड घ्या” म्हणजे लाकडाचा आवाजाशी संबंधच नाही असं झालं. वीस वर्षं वाजवतोय. महोगनीची गिटार आणि अ‍ॅशची गिटार माझ्या कानाला वेगळी लागते. पोटाशी धरल्यावर कंपनं वेगळी जाणवतात. जी गिटार अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) न जोडताही खणखणीत वाजते ती अ‍ॅम्पमध्येही जिवंत लागते. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही.

---

रंधा_पटाशी :

@कृष्णाकाठ, मनापासून आभार. तुनासाठी मिरजेला चक्कर मारणार.

@सहावी_तार, तुमच्या कानाबद्दल मला शंका नाही. अ‍ॅशची आणि महोगनीची अशा दोन गिटारी शेजारी ठेवल्या की त्यांत पिकअप वेगळे असतात, स्केल वेगळी असते, ब्रिज वेगळा असतो. गिब्सनची स्केल नावापुरती २४.७५ इंच, फेंडरची २५.५, तेवढ्यानेच तारेचा ताण बदलतो. यातून लाकडाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

इतिहास काय सांगतो बघा. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक, रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, १९३२ साली बाजारात आली ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. गिटारवादक लेस पॉलने ‘लॉग’ केली ती पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर. दोन्ही बाजूंना दुसऱ्या गिटारचे कापलेले अंग लावले ते दिसायला गिटारसारखी दिसावी म्हणून. डॅनइलेक्ट्रोच्या बॉडीला लाकडाच्या चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे हार्डबोर्ड. १९६९ साली अ‍ॅम्पेगने पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची काढली. या सगळ्यांवर थोर वादकांनी वाजवलंय.

बॉडी अंगाला कंप पावते, ते खरं. नेक आणि सांधा किती ताठ आहे त्यावर सूर किती वेळ टिकतो, हेही खरं. पण बॉडीच्या लाकडाच्या जातीसाठी चारपट पैसे मोजून फ्रेट्सची पातळी अर्धवट सोडणारे लोक पाहिलेत, आणि त्यांच्या गिटारी भिंतीवर टांगलेल्या असतात. नवशिक्याने आपला वेळ आणि पैसा नेकवर घालावा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यावरून मी हटणार नाही.

---

ओहमचा_नियम :

वायरिंगचं मी घेतो. आधी पिकअप काय करतो ते समजून घ्या, वरच्या वादालाही त्याचा उपयोग होईल.

पिकअपमध्ये चुंबक असतो, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबक वरच्या पोलादी तारेलाही थोडं चुंबकत्व देतो. तार हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीजदाब तयार होतो. फॅरेडेचा नियम, शाळेतला. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ‘ऐकत’ नाही, तो तारेची हालचाल टिपतो. लाकूड त्या हालचालीवर जेवढा परिणाम करेल तेवढाच पुढे जाणार.

स्वतः पिकअप गुंडाळायचा असेल तर मोटार वाइंडिंगवाल्याकडून ४६ एसडब्ल्यूजीची इनॅमलची तार आणा (जाडी साधारण ०.०६ मिमी). साडेसात-आठ हजार वेढे घातले की सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) होतो, मीटरवर सहा-सात किलोओहम दाखवतो. शिवणयंत्राच्या मोटारीवर गुंडाळता येतो, पण तार बोटांमधून इतकी हलकी सोडावी लागते की ती आहे की नाही ते फक्त उजेडात कळतं. वेढे झाले की मेणात बुडवायचा. मेण भरलं नाही तर वेढे सुटे राहून कंप पावतात आणि मोठ्या आवाजात अ‍ॅम्प किंचाळतो. मेण थेट आचेवर कधीच वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, पासष्ट अंशांच्या आसपास. मेणाची वाफ पेट घेते.

पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायचं फिरतं बटण) : सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५००. व्हॉल्यूमला लॉग टेपरचा घ्या, लिनिअर घेतला तर आवाजाचा बराचसा खेळ पॉटच्या एका टोकालाच उरकतो. टोनला ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. महागडा लागत नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे हे सुटे भाग मिळतात. मात्र पॉटचा दांडा लाकडाच्या जाडीला पुरेल एवढा लांब आहे ना, ते दुकानातच मोजा.

गुणगुण : सिंगल कॉइल आपल्याकडच्या वीजवाहिन्यांची ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारच. कमी करायची तर पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, पट्ट्यांचे सांधे डाग देऊन जोडा आणि ते सगळं ग्राउंडला न्या. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीपर्यंत गेलीच पाहिजे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ती वायर नीट आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकची दोन टोकं उलटी जोडली गेली आहेत.

आणि हे नीट वाचा : ब्रिज ग्राउंडला जोडलेला म्हणजे तुमचा हात अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडलेला. घरातलं अर्थिंग नसेल किंवा अ‍ॅम्पला दोन पिनांचा जुगाड केलेला असेल तर गिटार लावू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या.

---

तारसप्तक :

मी सतार वाजवते, गिटारमधलं काही कळत नाही, तरी सगळं वाचलं. ओहमचा_नियम, एक विचारू का? असा पिकअप सतारीला किंवा तंबोऱ्याला लावता येईल का? कार्यक्रमात माईक ठेवला की शिट्टी वाजते, फार त्रास होतो.

---

ओहमचा_नियम :

ताई, सतारीच्या पोलादी तारा येतील. बाजाची (मुख्य) तार आणि तरफा (खालच्या, आपोआप झणकारणाऱ्या तारा) नीट ऐकू येतील. पण खर्जाच्या तारा पितळेच्या किंवा ब्राँझच्या असतात. त्यांच्यावर चुंबकाचा परिणाम नाही, त्यामुळे पिकअपला त्या जवळपास दिसतच नाहीत. तंबोऱ्यातही पितळी तार हरवेल. शिवाय जवारीचा झणकार घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तयार होतो, तिथली कंपनं पकडणारा पिएझो सतारीला जास्त बरा. घोडीजवळ तबलीवर चिकटवायचा, वाद्याला भोक पाडावं लागत नाही.

---

खारा_वारा :

रत्नागिरीकडून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात दारं फुगून बसतात, तिथे नेकचं काय होणार? आणि घरी फणसाची फळी आहे, आजोबांच्या वेळची. चालेल का?

---

रंधा_पटाशी :

फणस उत्तम, दादा. तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची असते. पिवळाधमक रंग काही वर्षांत तांबूस-तपकिरी होतो, त्यामुळे त्यावर रंग चढवू नका, पारदर्शकच ठेवा. आजोबांच्या वेळची फळी म्हणजे तुमचं अर्धं काम झालंय.

दमटपणाचं सविस्तर सांगतो, कारण कोकणात आणि मुंबईत हाच खरा शत्रू. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास बदलत नाही. त्यामुळे स्केल बिघडत नाही, फ्रेट्सची अंतरं तशीच राहतात. बिघडतो तो बाक. फ्रेटबोर्ड आणि नेक ही दोन वेगळी लाकडं, दोघांची ओल पिण्याची गती वेगळी, म्हणून दांडी पुढे किंवा मागे वळते. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकडातली ओल हळूहळू १८ टक्क्यांकडे जाते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात ३० टक्क्यांवर ती सहाच्या आसपास उतरते. या दोन टोकांच्या मध्ये, दिवाळीनंतर, फ्रेटबोर्ड चिकटवा. भर पावसात चिकटवलात तर उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेट्सची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात.

फळी वाळली की नाही हे मीटरशिवायही कळतं. फळीचं वजन करून तिच्यावरच तारीख घालून लिहा. दर आठवड्याला वजन करा. सलग काही आठवडे आकडा हलला नाही की ती तुमच्या घरातल्या हवेशी जमली. मग कापा, अंतिम मापापेक्षा तीन-चार मिमी जाड ठेवून पुन्हा पंधरा दिवस पट्ट्यांवर रचून ठेवा. कापल्यावर आतला ताण सुटतो आणि फळी थोडी वळते. ते वळून झालं की मग अंतिम मापाला रंधा.

पॉलिशबद्दल : नेकच्या मागच्या बाजूलाही फिनिश हवंच, नाहीतर एका अंगाने ओल शिरते. मी बॉडीला चपड्याचं फ्रेंच पॉलिश केलं, नेकला तेल. कोकणात मात्र चपडा दमटपणात पांढुरका पडू शकतो, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) बरं. जवसाचं तेल वापरणार असाल तर पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

---

अटलांटिकपार :

न्यू जर्सीत राहतो, इथल्या गॅरेजमध्ये छोटंसं वर्कशॉप आहे. पुढच्या महिन्यात भारतात येतोय. परतताना तिथून शिसवीच्या फळ्या आणाव्यात असा विचार आहे. बॅगेतून चालतील?

---

रंधा_पटाशी :

फळ्या कागदपत्रांशिवाय नेऊ नका. शिसवीसकट त्या वंशातली जवळजवळ सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. म्हणजे तयार गिटार नेता येते, फळी कागदपत्रांशिवाय नेता येत नाही. आणि इथेसुद्धा शिसवी पावती देणाऱ्या वखारीतूनच घ्या. हे झाड फार सावकाश वाढतं आणि जंगलात आधीच कमी उरलंय. एका फ्रेटबोर्डला सहा मिमीची पट्टी लागते, कपाट करून उरलेल्या तुकड्यातही निघते. मी तशीच काढली.

---

नवा_सूर :

दादा, मी अजून नेक करण्याएवढा तयार नाही. तयार नेक आणून बॉडी घरी केली, साग वापरला. वाजते छान, पण बारीक ई तारेवर सहाव्या फ्रेटला दाबलं की खरखर येते. पाचव्याला नाही, आठव्याला नाही. ब्रिज उंच केला तर जाते, पण मग तारा इतक्या वर जातात की बोटं दुखतात. नेक परत करू का?

---

रंधा_पटाशी :

परत करू नकोस, नेक वाया गेलेला नाही. आणि बॉडी स्वतः केलीस याबद्दल अभिनंदन, फोटो टाक.

खरखर कुठे येते त्यावरून कारण सापडतं. मोकळ्या तारेवरच येत असेल तर नटची खाच खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर सगळीकडे येत असेल तर नेक फार सरळ किंवा उलटा वळलाय, ट्रस रॉड थोडा सैल करायचा. बाराव्याच्या पुढे सगळीकडे असेल तर तारा खाली आहेत किंवा नेकचं टोक उचललं गेलंय. तुझ्यासारखी एकाच ठिकाणी येत असेल तर पुढचा एक फ्रेट वर आलेला असतो. सहाव्याला दाबल्यावर खरखर, म्हणजे सातव्यावर संशय.

आधी बाक बघ. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदम दाबून धर आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघ. साधारण ०.२ मिमी हवी, जाडसर कागद सरकेल एवढी. फट नीट असेल तर एक लहान पोलादी पट्टी घे, तिची सरळ कड सहा, सात, आठ या तीन फ्रेट्सवर टेकव, बारीक ई तारेच्या खाली. मधल्यावर पट्टी डुगडुगली, टकटक आवाज आला, की सातवा वर आहे हे नक्की. तारेच्या रेषेतच बघ, एकच फ्रेट एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला नीट असू शकतो.

मग लगेच कानस लावू नकोस. बहुतेक वेळा फ्रेटचं टोक खाचेतून किंचित उचललेलं असतं. नेकखाली उशी दे, फ्रेटवर कठीण लाकडाचा छोटा तुकडा ठेव आणि हातोडीने हलके ठोके दे. पट्टी पुन्हा टेकव. खाली बसला आणि बसलेला राहिला तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब खाचेच्या टोकाशी सोड, झालं. ठोकूनही वरच असेल तर घासावा लागेल. त्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लाव, दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लाव, सपाट पट्टीला ३२० चा पेपर चिकटवून हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरव, पट्टीने पुन्हा तपास. डुगडुग थांबली की थांब. माथा सपाट झालेला दिसेल, तो दोन्ही अंगांनी कानशीने पुन्हा गोल कर, मध्यभागी शाईची केसाएवढी रेघ शिल्लक राहिली पाहिजे. ती रेघ म्हणजे तुझी उंची. ती पुसली गेली तर फ्रेट गरजेपेक्षा खाली गेला. शेवटी १००० आणि २००० चा पेपर, मग जुन्या सुती कापडावर मेटल पॉलिश.

हे झालं की ब्रिज परत खाली घे. बाराव्या फ्रेटवर बारीक ईला १.६ मिमी आणि जाड ईला २ मिमी ठेवून बघ.

---

सहावी_तार :

लाकडाबद्दल माझं मत तेच आहे, पण वरचा प्रतिसाद छापून ठेवलाय. @रंधा_पटाशी, एक शंका. ब्रिज नेमका कुठे बसवायचा? ६४८ वर बसवला तर जाड तारा बाराव्या फ्रेटवर चढ्या लागतात.

---

रंधा_पटाशी :

लागणारच. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो, जाड तारेचा जास्त. म्हणून प्रत्येक तारेची लांबी थोडी वाढवावी लागते. बारीक ईची सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे आणून तिचा टेकायचा बिंदू ६४८ वर ठेवा आणि त्या जागी ब्रिजची भोकं पाडा. बाकी सगळ्या सॅडलना मागे जायला जागा उरते, जाड ई साधारण तीन-चार मिमी मागे जाऊन बसते. भोकं पाडायच्या आधी सॅडलचा स्क्रू हाताने फिरवून ती मागे किती सरकते ते मोजून घ्या, स्वस्त ब्रिजमध्ये ही जागा कमी असते. मग ट्यूनर लावून मोकळी तार आणि बाराव्यावर दाबलेली तार जुळवा. दाबलेली चढी आली तर सॅडल मागे, उतरती आली तर पुढे. नव्या तारा लावूनच हे करा. जुन्या गंजलेल्या तारांवर आकडे कधीच जुळत नाहीत.